शेड टाकताय? डिझाइन रिपोर्टमधली ही चार पानं आधी वाचा



काजू युनिट असो, आंब्याचा पल्प असो, फर्निचर असो की नुसतं गोडाऊन. रत्नागिरीत धंदा उभा करायचा म्हटलं की मशिनरीच्या खालोखाल, आणि बऱ्याचदा मशिनरीच्याही वर, जो खर्च येतो तो शेडचा. पीएमईजीपीमध्ये उत्पादन उद्योगासाठी ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. त्यात जमिनीची किंमत धरता येत नाही, शेडची धरता येते. म्हणून प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ‘शेड बांधकाम’ अशी एक ओळ असते, तिच्यापुढे एक गोल आकडा असतो, आणि तो आकडा आला कुठून हे विचारलं की मालक फॅब्रिकेटरकडे बोट दाखवतो.

आजच्या व्हिडिओत मी स्क्रीनवर एका पोर्टल फ्रेमचं मॉडेल दाखवलंय. व्हिडिओ बघताना आकडे लिहून घ्यायला वेळ मिळत नाही, म्हणून इथे सगळं सविस्तर. एक गोष्ट आधीच सांगतो. मी बीबीए केलेला माणूस, पत्र्याचं आणि हार्डवेअरचं दुकान चालवतो. मी इंजिनिअर नाही आणि हा लेख वाचून तुम्हीही होणार नाही. डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच करायचं, सही त्याचीच. पण पैसे तुमचे जाणार आहेत. बॅलन्स शीट सीए बनवतो, तरी त्यातला नफा-तोटा आपण वाचतोच ना? तेवढंच वाचन इथेही यायला हवं.

पोर्टल फ्रेम म्हणजे नेमकं काय

आपल्या जुन्या कौलारू घरात वासे आढ्यावर आणि भिंतीवर टेकलेले असतात. वाशाचं काम वेगळं, भिंतीचं काम वेगळं. पोर्टल फ्रेममध्ये तसं नसतं. दोन कॉलम आणि त्यावरचे दोन तिरके राफ्टर कोपऱ्यात एकमेकांना इतके घट्ट जखडलेले असतात की वाकलं तर सगळं मिळून वाकतं. त्या कोपऱ्याला सगळ्यात जास्त ताण येतो, म्हणून तिथे राफ्टर खालून जाड केलेला दिसतो. त्याला हाँच म्हणतात. फायदा हा की मधे खांब लागत नाही, मशीन हवी तिथे ठेवता येते.

अशा फ्रेम ठरावीक अंतरावर एकामागे एक उभ्या करायच्या, वर पर्लिन, पर्लिनवर पत्रा, बाजूला भिंतीचा पत्रा धरायला गर्ट. आणि सगळ्या फ्रेम पत्त्यांसारख्या एका दिशेला कलंडू नयेत म्हणून फुलीच्या आकाराचं ब्रेसिंग. ब्रेसिंग ‘नंतर टाकू’ म्हणणारा फॅब्रिकेटर भेटला तर त्याला चहा पाजा आणि दुसरा शोधा.

आपण आज एकच उदाहरण धरू. ४० बाय ८० फुटांची शेड, म्हणजे साधारण १२ मीटर रुंद आणि २४ मीटर लांब. दर ६ मीटरवर एक फ्रेम, एकूण पाच. कॉलमची उंची ५ मीटर, छपराचा उतार १० अंश.

सॉफ्टवेअर काय करतं, काय करत नाही

आपल्याकडे बहुतेक इंजिनिअर स्टाड प्रो वापरतात. पीईबी, म्हणजे कारखान्यात बनवून आणलेल्या तयार शेडच्या कंपन्या एमबीएस वापरतात. नाव कुठलंही असो, पद्धत तीच. आधी फ्रेमच्या रेघा काढायच्या. मग पाया कसा आहे ते सांगायचं. कॉलम-राफ्टरला कुठलं सेक्शन, पोलाद कुठल्या ग्रेडचं, ते द्यायचं. मग भार: छपराचं स्वतःचं वजन, वर चढणाऱ्या माणसांचा भार, वारा, भूकंप. शेवटी हे भार एकत्र कसे येतील त्या जोड्या. एवढं दिलं की सॉफ्टवेअर प्रत्येक तुकड्यात किती ताण येतो ते काढतं आणि आयएस ८०० (२००७) या आपल्या पोलादाच्या कोडशी ताडून बघतं.

उत्तर येतं ‘रेशो’च्या रूपात. रेशो ०.८५ म्हणजे त्या तुकड्याची जेवढी ताकद आहे त्यातली ८५ टक्के वापरली गेली. १ च्या वर गेला की नापास. रिपोर्टमध्ये सगळीकडे ‘पास’ छापलेलं बघून मालक खूश होतो. पण तो ‘पास’ फक्त तुम्ही सांगितलेल्या भारांसाठी असतो. वारा अर्धाच टाकला असेल तरी सॉफ्टवेअर तितक्याच प्रामाणिकपणे ‘पास’ छापतं. त्याला तुमचा प्लॉट समुद्राला तोंड करून आहे की डोंगराच्या आडोशाला, हे दिसत नाही.

म्हणून निकालाचं पान नंतर वाचा. आधी इनपुटचं पान मागा.

कोकणात शेड खाली पडत नाही, वर उडते

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं. आपल्या जिल्ह्यात दापोली आणि मंडणगडला मोठा फटका बसला. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकत गेलं. दोन्ही वेळा छपरांचं काय झालं ते आठवा: पत्रे वजनाने खाली बसले नाहीत, ते उचकटून उडाले.

याचं गणित अवघड नाही. वाऱ्याचा कोड आहे आयएस ८७५ भाग ३, सध्याची आवृत्ती २०१५ ची. त्यात देशाचा नकाशा आहे आणि प्रत्येक पट्ट्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग दिलेला आहे. मुंबईला ४४ मीटर प्रति सेकंद, पुण्याला आणि पणजीला ३९. ३९ म्हणजे ताशी १४० किलोमीटर. हा तासभर सतत वाहणारा वारा नव्हे, काही सेकंदांच्या झोताचा वेग आहे. तुमच्या जागेसाठी कुठला पट्टा धरला, हा इंजिनिअरला विचारायचा पहिला प्रश्न.

दाब काढायचा सूत्र: वेगाचा वर्ग गुणिले ०.६. ३९ चा वर्ग १५२१, गुणिले ०.६ म्हणजे सुमारे ९१३ न्यूटन, म्हणजे दर चौरस मीटरला ९३ किलो. ४४ धरला तर तोच दाब ११८ किलोवर जातो. वेगात पाचाचा फरक, दाबात पंचवीस किलोचा. वर्गाची ही गंमत लक्षात ठेवा.

पण मूळ वेग जसाच्या तसा वापरायचा नसतो. त्याला चार गुणक लागतात आणि त्यातले दोन आपल्यासाठी फार महत्त्वाचे. एक म्हणजे आजूबाजूचा प्रदेश. दाट वस्ती-झाडीत वारा अडतो, उघड्या किनाऱ्यावर अडत नाही. कोडमध्ये उघडा समुद्रकिनारा आणि झाडं नसलेलं सपाट मैदान पहिल्या वर्गात येतं आणि १० मीटर उंचीपर्यंत गुणक १.०५ लागतो. झाडी-घरांच्या तिसऱ्या वर्गात तोच ०.९१. दुसरा गुणक जमिनीच्या चढउताराचा. सपाटीवर १, टेकडीच्या माथ्यावर किंवा कड्याच्या काठावर तो १.३६ पर्यंत वाढतो.

आता आपला सडा डोळ्यांसमोर आणा. कातळ, झाड नाही, एका बाजूला सरळ समुद्रात उतरणारा कडा. जमीन तुलनेने स्वस्त म्हणून आपण गोडाऊन तिथेच टाकतो! समजा प्रदेशाचा गुणक १.०५ आणि कड्याचा १.२ लागला. ३९ चे झाले ४९. दाब झाला जवळपास १४८ किलो. पुण्याच्या एखाद्या शेडचं तयार डिझाइन आणून तुम्ही सड्यावर उभं केलंत तर वाऱ्याचा भार दीडपटीच्या वर गेला, आणि रिपोर्टवर मात्र ‘पास’च राहिलं.

चौथा गुणक चक्रीवादळाचा. औद्योगिक इमारतींना १.१५. कोडच्या मजकुरात हा गुणक पूर्व किनाऱ्याच्या आणि गुजरात किनाऱ्याच्या ६० किलोमीटरच्या पट्ट्यासाठी आहे. कोकणाचं नाव त्यात नाही. म्हणजे इंजिनिअरने तो १ धरला तर तो चूक नाही. पण २०२० आणि २०२१ बघितल्यावर, समुद्रालगतच्या शेडसाठी तो १.१५ धरून एकदा मॉडेल चालवून बघा आणि पोलाद किती वाढतं ते सांगा, असं मी स्वतः सांगेन. मॉडेल तयार असताना आकडा बदलून पुन्हा चालवायला फार वेळ लागत नाही. सॉफ्टवेअरचा खरा फायदा मला इथे वाटतो: काय केलं तर किती खर्च वाढेल, हे कागदावरच कळतं.

उघडं शटर

वारा छपरावरून जाताना पत्र्याला खाली दाबत नाही, वर ओढतो. १० अंशांच्या बुटक्या शेडला, वाऱ्याकडच्या अर्ध्या छपरावर कोड १.२ पट ओढ धरायला सांगतो, पलीकडच्या अर्ध्यावर ०.४ पट. सरासरी ०.८. हे झालं बाहेरून. आत शिरलेला वारा पत्र्याला आतून वर ढकलतो, ते वेगळं. भिंतीत उघडी जागा ५ टक्क्यांच्या आत असेल तर आतला दाब ०.२ पट. ५ ते २० टक्के असेल तर ०.५. आणि २० टक्क्यांच्या वर असेल तर ०.७.

आपल्या शेडची पुढची भिंत १२ बाय ५ मीटर, वरचा त्रिकोण सोडला तर ६० चौरस मीटर. तिथे ट्रक आत यावा म्हणून ४ बाय ४ चं शटर, म्हणजे १६ चौरस मीटर. २७ टक्के झाले. शटर बंद असताना एकूण ओढ ०.८ अधिक ०.२, म्हणजे १. शटर उघडं असताना किंवा वाऱ्याने आत वाकून सुटलं तर ०.८ अधिक ०.७, म्हणजे १.५. त्याच वाऱ्यात छपरावरची ओढ दीडपट. रिपोर्टमध्ये आतल्या दाबाचा आकडा ०.२ दिसला तर इंजिनिअरला विचारा, ‘साहेब, शटर धरलंय का?’ कित्येकदा त्याला शटर कुठे आणि केवढं येणार हे कुणी सांगितलेलंच नसतं. यात दोष त्याचा नाही, मालकाचा आहे.

एका फ्रेमच्या वाट्याला किती येतं बघू. ६ मीटर गुणिले १२ मीटर म्हणजे ७२ चौरस मीटर छप्पर. ९३ किलो दाब, १.५ पट ओढ. जवळपास १० टन वर. कोड काही सवलती देतो, सगळ्या धरल्या तरी दाब ३० टक्क्यांपेक्षा जास्त उतरवता येत नाही. म्हणजे सगळी सवलत घेऊनही ७ टन. आणि खाली धरून ठेवायला वजन किती? पत्रा, पर्लिन, राफ्टर मिळून चौरस मीटरला २० किलो धरा, सव्वा ते दीड टन. उरलेले साडेपाच टन कोण धरणार?

पाया. प्रत्येक कॉलमखाली सरासरी पावणेतीन टन, आणि सुरक्षिततेचा गुणक अजून लावलेलाच नाही. वाऱ्याकडच्या कॉलमला याहून जास्त. आता दोन बाय दोन बाय दोन फुटांचा काँक्रीटचा ठोकळा घ्या, जो गावोगाव ‘फुटिंग’ म्हणून घातला जातो. त्याचं वजन साधारण अर्धा टन. वर दाबलेल्या मातीचं थोडं मिळवा. हिशोब तुम्हीच करा. खाली जांभा दगड लागला म्हणून खड्डा उथळ ठेवणाऱ्यांनी तर दोनदा करा. दगड वजन पेलतो खरा, पण वरची ओढ धरायला फुटिंग त्या दगडात नीट अडकलेलं हवं किंवा स्वतः पुरेसं जड हवं.

म्हणून रिपोर्टमध्ये भारांच्या जोड्यांची यादी असते तिथे एक ओळ शोधा: ०.९ गुणिले स्वतःचं वजन अधिक १.५ गुणिले वारा. वजन मुद्दाम कमी धरलंय आणि वारा मुद्दाम जास्त, म्हणजे उडण्याची परीक्षा. ही ओळ नसेल तर कोकणासाठीची मुख्य परीक्षाच झालेली नाही. मग ‘सपोर्ट रिअॅक्शन’चं पान काढा. एफवाय नावाचा रकाना असतो. त्यात उणे चिन्ह दिसलं की समजायचं, पाया तिथे कॉलमला खाली खेचून धरतोय. आकडा किलोन्यूटनमध्ये असतो, १० ने भागलं की साधारण टन. सगळ्यात मोठा उणे आकडा पेन्सिलने गोल करा आणि पायाच्या ड्रॉइंगवाल्याला दाखवा. स्टीलचं डिझाइन एकाने, पाया दुसऱ्याने, असं काम असेल तर हा आकडा दोघांच्या मधे हमखास हरवतो.

स्वस्त कोटेशनच्या आतली गोष्ट

आता धंद्याचं. तीन कोटेशन आली, त्यातलं एक बरंच कमी आहे. का कमी आहे, हे इनपुटच्या पानावर सापडतं.

पहिली जागा पायाची. सॉफ्टवेअरमध्ये कॉलमचा पाया दोन प्रकारे सांगता येतो: ‘पिन्ड’, म्हणजे बिजागरीसारखा, किंवा ‘फिक्स्ड’, म्हणजे पूर्ण जखडलेला. फिक्स्ड सांगितलं की फ्रेम कमी हलते, पोलाद कमी लागतं, स्टीलचं कोटेशन खाली येतं. पण तो जखडलेपणा आणायचा तर फुटिंग मोठं हवं, बेस प्लेट जाड हवी, बोल्ट जास्त हवेत. तो खर्च स्टीलवाल्याच्या कोटेशनमध्ये नसतो, तुमच्या सिव्हिल कॉन्ट्रॅक्टरच्या बिलात येतो. त्याहून वाईट म्हणजे मॉडेलमध्ये फिक्स्ड, आणि साइटवर चार बोल्टांची पातळ प्लेट. कागदावरची शेड आणि जमिनीवरची शेड या मग दोन वेगळ्या शेड झाल्या. तुलना करताना तिघांनाही पाया कुठला धरलाय ते लेखी विचारा.

दुसरी जागा छपरावरच्या माणसांच्या भाराची. आपल्या कोडनुसार १० अंशांपर्यंतच्या, नेहमीचा वावर नसलेल्या छपराला चौरस मीटरला ०.७५ किलोन्यूटन, म्हणजे ७५ किलो. काही पीईबी कंपन्या अमेरिकन पद्धतीने ०.५७ धरतात. ती पद्धत खोटी नाही, जगभर चालते. पण एक कोटेशन ०.७५ चं आणि दुसरं ०.५७ चं असेल तर किलोमागे दराची तुलना करण्यात अर्थ नाही. आधी दोघांना एका पातळीवर आणा. पुढे छपरावर सोलर बसवायचा विचार असेल तर तेही आत्ताच सांगा. पॅनलचं वजन भारात मिळवायला आत्ता काही लागत नाही, शेड उभी राहिल्यावर फ्रेमला प्लेटा जोडत बसायला लागतं.

तिसरी जागा वाकण्याची मर्यादा. मजबुतीत पास झालेली फ्रेमसुद्धा इतकी हलू शकते की पत्र्याचे स्क्रू ढिले होऊन पावसाळ्यात गळती लागते. आयएस ८०० मध्ये पत्र्याच्या शेडच्या कॉलमसाठी आडवं हलणं उंचीच्या १५० व्या भागाच्या आत, म्हणजे आपल्या ५ मीटरला सुमारे ३३ मिलिमीटर. बाजूला विटांची किंवा चिऱ्यांची भिंत असेल तर २४० वा भाग, २१ मिलिमीटर. राफ्टरसाठी गाळ्याचा १८० वा भाग, १२ मीटरला ६७ मिलिमीटर. डिफ्लेक्शनचं पानच रिपोर्टमध्ये नसेल तर मागून घ्या. आपल्याकडे अर्धी भिंत चिऱ्याची आणि वर पत्रा ही पद्धत आहे, त्यामुळे २४० चा मुद्दा आवर्जून काढा.

रेशोबद्दलही थोडं. ०.९८ आलेला रेशो नियमाने पास आहे. पण खारी हवा पोलाद खाते, आणि पीईबीत कॉलमची मधली पट्टी ४ मिलिमीटरची असू शकते. त्यातला अर्धा मिलिमीटर गंजात गेला तर आठवा भाग गेला. समुद्राजवळच्या शेडला मी ०.९८ घेणार नाही, ०.८५ च्या आसपास ठेवा म्हणेन आणि रंगाला पैसे कमी करणार नाही. सगळीकडे ०.४० दिसत असेल तर उलट प्रश्न विचारा. किलोच्या दराने काम घेणाऱ्याला शेड जड झालेली परवडते, चौरस फुटाच्या दराने घेणाऱ्याला हलकी. तुम्हाला कोण कुठल्या दराने काम देतंय, त्यावर कुठे बारकाईने बघायचं ते ठरतं.

आणखी एक छोटी पण महागात जाणारी गोष्ट. वारा छप्पर वर ओढतो तेव्हा राफ्टरची खालची पट्टी दाबली जाते आणि ती बाजूला कलंडायला बघते. वरच्या पट्टीला पर्लिन धरून ठेवतात, खालच्या पट्टीला कुणी धरत नाही. म्हणून पर्लिनपासून खालच्या पट्टीपर्यंत छोट्या तिरक्या पट्ट्या लावतात, फ्लाय ब्रेस. इंजिनिअर मॉडेलमध्ये ‘इतक्या अंतरावर धरलेलं आहे’ असं गृहीत धरतो आणि रेशो त्यावर येतो. साइटवर या पट्ट्या ‘किरकोळ’ म्हणून गायब होतात. ड्रॉइंगवर मोजा, उभारणी झाल्यावर पुन्हा मोजा.

स्वतः शिकायचं असेल तर

फॅब्रिकेशनचाच धंदा करायचा असेल, किंवा घरात कुणी सिव्हिलचा डिप्लोमा करत असेल, तर आयआयटी मुंबईने ‘ओसडॅग’ नावाचं सॉफ्टवेअर केलंय. फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि आयएस ८०० वर चालतं. पूर्ण फ्रेम सोडवण्यासाठी ते नाही, त्याला स्टाडसारखं सॉफ्टवेअर लागेलच. पण जोड तपासायला फार छान. बोल्ट किती, प्लेट किती जाड, वेल्ड केवढं, हे आकडे टाकले की जोडाचं चित्रच समोर दिसतं. बेस प्लेटचाही भाग त्यात आहे. रिपोर्टमधला ओढीचा आकडा घेऊन बोल्टाचा व्यास बदलत बसा, चार संध्याकाळी जे कळेल ते वर्षभर साइटवर उभं राहून कळत नाही.

आणि सॉफ्टवेअरला पूर कळत नाही, हेही लक्षात असू द्या. चिपळूणच्या आसपास जागा असेल तर जुलै २०२१ मध्ये पाणी कुठवर होतं ते शेजाऱ्यांना विचारून जोत्याची उंची ठरवा. तो आकडा कुठल्याच रिपोर्टमध्ये येणार नाही.

इंजिनिअरकडे जाताना प्लॉटचा नकाशा, कडा किंवा किनारा किती अंतरावर आहे ते, शटरचं माप आणि दिशा, भिंत कशाची, सोलर किंवा क्रेन येणार का, एवढं एका कागदावर लिहून न्या. ऑर्डर देताना इनपुट, भारांच्या जोड्या, सपोर्ट रिअॅक्शन आणि डिफ्लेक्शन अशी चारही पानं सहीसकट मिळतील हे लिहून घ्या. पहिला हप्ता त्यानंतर.